ताफ्याची आखणी शेवटच्या गाडीपासून

मित्रहो, चाळीस मोटरसायकली पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे माणगावला न्यायच्या असतील, तर सगळ्यांचे लक्ष पुढच्या लीड रायडरकडे असते. माझ्या मते मात्र अशा राइडचा भार सर्वांत मागे चालणाऱ्या स्वीपवर असतो आणि आखणीची सुरुवातही त्याच्यापासूनच व्हायला हवी.

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर जाते. सरळ रस्त्यावर एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून असे तिरके चालता येते. घाटातल्या वळणांवर मात्र एकामागोमागच जावे लागते आणि तिथे दोघांमध्ये दोन सेकंदांचे अंतर राखले, तर ही रांग सव्वा किलोमीटरहून लांब होते. लीडने वळणावर वेग कमी करून पुन्हा वाढवला की मागचा प्रत्येक जण किंचित उशिरा सावरतो, तो उशीर साठत जातो आणि शेवटच्यांना लीडपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने गाडी पळवावी लागते. म्हणून नवख्यांना मागे ठेवणे मला धोक्याचे वाटते. त्यांची जागा लीडच्या लगेच मागे आहे. याच कारणाने सात-आठ जणांचे गट करावेत आणि दोन गटांमध्ये इतके अंतर असावे की एसटीला किंवा टेम्पोला मध्ये शिरून सुखाने पुढे जाता येईल.

ताम्हिणीत मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, त्यामुळे ग्रुपवर टाकलेल्या लोकेशनच्या भरवशावर राहू नये. विळे गावापाशी एक रस्ता निजामपूरमार्गे माणगावकडे, तर दुसरा कोलाडकडे जातो. अशा फाट्यावर लीडच्या मागून येणाऱ्या एका अनुभवी रायडरने मार्शल म्हणून, म्हणजे वाट दाखवण्यासाठी, रस्त्याच्या कडेला, दुरून दिसेल अशा सुरक्षित जागी थांबून मागून येणाऱ्यांना दिशा दाखवावी आणि स्वीप दिसल्यावरच त्याच्या पुढे ताफ्यात सामील व्हावे. स्वीप आला नाही, तर त्याने जागा सोडू नये. वाहतूक अडवण्याचा अधिकार मात्र या मार्शलला नाही. ते काम पोलिसांचे आहे, आणि जॅकेट घातल्याने तो अधिकार मिळतो असा समज आपल्याकडे फार पसरला आहे, तो आग्रहाने दूर केला पाहिजे.

पेट्रोलचे थांबे सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून ठरवावेत. पंक्चरचे साहित्य आणि प्रथमोपचाराची पेटी स्वीपकडे असावी, कारण बंद पडलेल्या गाडीपाशी पोहोचणारा तोच असतो. अपघात झाल्यास एकाने जखमीजवळ थांबावे, दुसऱ्याने वळणाच्या आधी उभे राहून मागची वाहने सावध करावीत आणि तिसऱ्याने रेंज मिळेल तिथे जाऊन 108 ला फोन करावा; ही कामे निघण्यापूर्वीच नावानिशी वाटून द्यावीत.

ज्याला मध्येच घरी परतायचे असेल, त्याने स्वीपला प्रत्यक्ष सांगूनच वळावे. अन्यथा तो पुण्यात पोहोचलेला असतो आणि मार्शल अंधार पडेपर्यंत घाटात त्याचा शोध घेत राहतात.