ढोलकी पेनड्राइव्हमध्ये का येत नाही?

तं मंडळी, आधी माझीच फजिती सांगतो. मागच्या मंडईच्या जत्रेत रात्रीच्या भजनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, मी काय केलं, साऊंडवाल्याच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावला, लाल लाइट लागला, म्हटलं झालं काम, आन चहा प्यायला गेलो. घरी येऊन ऐकतो तं बुवा अगदी कानात बसून गाऊन राहिले, पेटी ठीकठाक, आणि ढोलकी जशी नाल्यापलीकडच्या गावात वाजून राहिली. बुवांना ऐकवलं तं म्हणाले, आपला ढोलकीवाला त्या रात्री आलाच नव्हता का बा?

आता पहा, मंडपात ढोलकी अशीच दणक्यात ऐकू येते, म्हणून साऊंडवाला तिचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, खाली ठेवते. बुवांचा आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांचा वर. म्हणजे मिक्सरमधून जे निघते ना, ते पूर्ण गाणं नसते, मंडपात जे कमी पडते तेवढीच भरपाई असते. बाकीचं हवेतून येते, ते पेनड्राइव्हला कुठून भेटणार. मोठ्या मैदानात सगळंच स्पीकरच्या बॉक्समधून जाते, तिथं हे एवढं जाणवत नाही, पण आपलं भजन मंदिरापुढच्या टिनाच्या शेडात, तिथं हमखास.

म्हणून दोन रेकॉर्डिंग करा. एक मिक्सरचं, एक समोरून, स्टँडवर, लोकांच्या डोक्याच्या वर. बॉक्सच्या तोंडापुढं नको, पार मागंही नको, कारण टिनाचा घुमारा एकदा आत गेला की तो नंतर काढता येत नाही, कोणतंही ॲप असो. समोरच्या रेकॉर्डिंगले फोन चालते, पण फोन स्वतःच आवाज वरखाली करते, खंजिरी कडाडली की बुवांचा आवाज दबते आणि बुवा थांबले की जनरेटर मोठा होते. ॲपमध्ये हे ऑटो गेन, म्हणजे आपोआप वरखाली करणं, बंद करता येत असेल तं करा. लेव्हल आधीच कमी ठेवा, सगळ्यात मोठा ठोका मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहिला पाहिजे. शून्य म्हणजे मीटरचं टोक, शून्याला लागलं की आवाज फाटते. आणि ट्रायल घेताना गायक हळूच गाते, रंगात आला की दुप्पट, तेही धरून चला.

खंजिरी मात्र वेगळीच डोकेदुखी आहे. तुकडोजी महाराज स्वतः खंजिरी वाजवत गायचे, त्यांच्या आश्रमाच्या मोझरीच्या वाटेवरचे आपण, आपल्याकडं अजून तीच पद्धत. म्हणजे खंजिरी तोंडाजवळ आणि गाण्याच्या माइकमध्ये तिच्या चकत्या ठासून भरतात. नंतर खंजिरी कमी करायला गेलं की बुवाही कमी. इथं बटण कामाचं नाही, जागा कामाची. माइक ओठांपासून चार बोटांवर आणा, अंतर अर्धं झालं की आवाज जवळपास ६ डेसिबल वाढते, मग मिक्सरवर माइकचा गेन, म्हणजे आवाज उचलायचं बटण, उतरवता येते आणि खंजिरी आपोआप मागं जाते. साधा गाण्याचा माइक पाठीमागून कमी ऐकते, म्हणून त्याची पाठ खंजिरीकडं करा. बुवांना हे समजावणं जरा कठीण, चहा पाजून सांगा.

घरी आल्यावर, ऑडासिटी नावाचं आवाज जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दोन्ही फाइल त्यात टाका. समोरचा रेकॉर्डर १७ मीटरवर असला तं आवाज तिथं सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा पोचते, आणि तसंच जोडलं की ढोलकीची प्रत्येक थाप डबल. म्हणून सुरुवातीला स्टेजवर एक कडक टाळी वाजवायची, दोन्ही फाइलींत तिचा सुळका दिसते, एकाखाली एक आणायचा. तासाभरात दोन मशीनचं घड्याळ थोडं सरकते, तं दर भजनाला पुन्हा जुळवा. मग आधी समोरचं लावा, आणि मिक्सरमधले बुवा हळूहळू चढवा, शब्द कळले की थांबा. बुवांच्या ट्रॅकवर ८०-१०० हर्ट्झच्या खालचा जाडा आवाज कापून टाका, तिथं गाणं नाही, नुसती स्टेजवरची धपधप आणि लाइटची घूं.

पोट्टे बेस वाढवतात. अरे पण ऐकणार कुठं? फोनवर. फोनच्या स्पीकरमधून ढोलकीची धुम येतच नाही, बारीक तोंडाची टणटण तेवढी येते, तीच जरा पुढं आणा.

बरं, लाइट आहे तोवर करूनच पाहू. पेटीवाले काका, तुम्ही बसा तिथंच. फोन कोणाचा? एअरप्लेन मोडवर टाक बाबू, मधातच फोन आला तं रेकॉर्डिंग तुटते. हां, आता टाळी.