रात्री दोनला औषध कुठे मिळतं?

(दृश्य: पावसाने ओला झालेला रस्ता, बंद दुकानांची रांग.)

जर्मनीतलं एक छोटं गाव. रात्रीचे दोन. बाळ तापाने फणफणलंय आणि घरातली तापाच्या औषधाची बाटली रिकामी झालीय.

पुण्याहून नुकतं आलेलं कुटुंब अशा वेळी घाबरतं. आपल्याकडे पाय आपोआप मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातल्या मेडिकलकडे वळतात. इथे हॉस्पिटलचा औषधसाठा आतल्या रुग्णांसाठी असतो. साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही, ती 'अपोथेके'तच, म्हणजे औषधाच्या दुकानातच घ्यावी लागते.

मग जवळच्या कुठल्याही बंद अपोथेकेच्या दाराशी जायचं. आज रात्रपाळी कोणाची, ते तिथल्या पाटीवर कळतं. मोबाइलवरून 22833 लावलं तरी सांगतात. ही पाळी दुकानदाराच्या मर्जीवर नाही. ती आळीपाळीने प्रत्येकाला करावीच लागते.

(दृश्य: घंटेवर बोट. आत दिवा लागतो.)

दार बंदच राहतं, दारातली लहानशी खिडकी उघडते. फार्मासिस्ट आतल्या खोलीत पडलेला असतो. रात्रपाळीसाठी दुकानात खोली हवी, असं नियमच सांगतो.

रात्री 8 ते सकाळी 6 आणि रविवारी, सणासुदीला अडीच युरो जादा पडतात. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'नोक्टू' अशी खूण केली, तर ते विमा भरतो. नोक्टू म्हणजे लॅटिनमध्ये 'रात्री'. हे औषध सकाळपर्यंत थांबू शकत नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. मला तो शब्द फार मोलाचा वाटतो.

अडीच युरोंत कोणाची रात्र निघत नाही. म्हणून 2013 पासून चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या प्रत्येक डब्यामागे काही सेंट एका निधीत जमतात. सुरुवातीला ते 16 होते. बर्लिनमध्ये कोणी दुपारी घेतलेल्या गोळ्यांमधून दूरच्या खेड्यातल्या जागरणाला हातभार लागतो.

तरीही दुकानं बंद पडताहेत. 2010 च्या सुमारास 21 हजारांहून जास्त होती, 2024 च्या अखेरीस 17 हजारांच्या आसपास उरली. पाळीचं दुकान लांब गेलं की गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाने रात्री तिथवर जायचं कसं? याचं उत्तर लवकर शोधायला हवं.

तोवर, निघण्याआधी फोन करून औषध आहे का ते विचारा. डॉक्टर हवे असतील तर 116117. आणि श्वास अडकत असेल, शुद्ध हरपत असेल, तर औषध शोधत बसू नका, थेट 112 लावा.