कोटाची बटणं आणि मुलांची उंची

पडद्यावरचा हा फोटो १९०८ सालचा, अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या लँकेस्टरच्या सूतगिरणीतला. चात्यांची रांग पार मागपर्यंत गेलेली, आणि यंत्राला खेटून एक पोरगी उभी. फोटो काढणाऱ्या लुइस हाइननं सोबत लिहून ठेवलंय : उंची ४८ इंच, कामावर सहा महिने.

४८ इंच हे त्याला कसं कळलं? गिरणीत टेप काढला असता तर मुकादमानं हाकलूनच दिलं असतं. हाइननं आपल्या कोटाच्या बटणांची जमिनीपासूनची उंची आधीच मोजून ठेवलेली असायची. पोर शेजारी उभं राहिलं की कितव्या बटणाला लागतं ते बघायचं, आणि खिशात हात घालून कागदावर न बघताच टिपून घ्यायचं. आत शिरायला सोंगं काढावी लागत. कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस. मग यंत्राचा आकार कळावा म्हणून एखाद्या पोराला शेजारी उभं करायचं, झालं काम!

हाइन मूळचा न्यूयॉर्कमधला शाळामास्तर. १९०८पासून, बालमजुरी बंद व्हावी म्हणून झटणाऱ्या राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी तो पूर्णवेळ फिरू लागला. मोठा पेटी-कॅमेरा, काचेच्या प्लेटा, मॅग्नेशियमची भुकटी पेटवून पाडलेला उजेड. एवढं सगळं घेऊन चोरून फोटो काढायचे.

लोक या फोटोंना ‘हृदयद्रावक’ म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. दया उपजवणारे फोटो पुष्कळांनी काढले. हाइन साक्षीपुरावा गोळा करत होता. पोराचं वय किती, पगार किती, पाळी कुठली, हे तो विचारायचा. आईबाप वय वाढवून सांगत, म्हणून जमेल तिथं घरातली जन्मनोंदही बघायचा. ‘फोटो खोटं बोलत नसतील, पण खोटारडेही फोटो काढू शकतात,’ असं त्यानं १९०९मध्ये एका भाषणात स्वतःच बजावलं होतं.

आता हा फोटो पेनसिल्व्हेनियातला, जानेवारी १९११चा. वरून घसरत येणाऱ्या कोळशातून दगड वेचणारी पोरं, पाठीला पोक काढून फळ्यांवर बसलेली. हाइन लिहितो, धूळ कधी कधी इतकी की समोरचं दिसत नाही. पोरांच्या डोक्यावर एक माणूस उभा, ढोसायला आणि लाथा घालायला. त्याच्यासाठी हाइननं शब्द वापरलाय ‘गुलाम हाकणारा’.

१९१६मध्ये बालमजुरीला आळा घालणारा कायदा झाला, आणि १९१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. दावा कुणाचा होता? उत्तर कॅरोलायनातल्या गिरणीत ज्याची दोन मुलं कामाला होती, त्या बापाचा! घरात येणारा मुलांचा पगार बंद होणार होता, हे विसरून त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे.

टिकणारा कायदा आला १९३८मध्ये. दोन वर्षांनी हाइन गेला, तेव्हा तो कफल्लक होता; घरही हातचं गेलं होतं.

त्या कायद्यानं कारखाने आणि खाणी आवरल्या, पण शाळेची वेळ सोडून शेतात राबवायला मोकळीक ठेवली. हाइननं तर १९१५मध्येच कोलोरॅडोच्या शुगरबीटच्या शेतांतले फोटो आणले होते. बीट मांडीवर धरून टोकाला आकडा असलेल्या सुऱ्यानं पाला छाटायचा. तो आकडा पोरांच्या पायात घुसतो, हेही त्यानं लिहून दिलं होतं.