टेबलाची रेघ कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यात चित्रकला शिकवतो. आमच्याकडची मुलं आठवी-नववीपर्यंत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षांना बसतात. त्यामुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही हौसेनं बसवतात. या परीक्षांची तयारी करताना मूल काय शिकतं? समोर टेबलावर तांब्या, दोन कांदे, एखादं वांगं, मागे घडी पडलेला कपडा. उजेड डावीकडून आला तर सावली उजवीकडे. तांब्याचं तोंड गोल असलं तरी कागदावर ते लंबगोल दिसायला हवं. आणि सगळ्यात आधी मागच्या बाजूची आडवी रेघ, टेबल जिथे संपतं ती. ती नसली तर वस्तू अधांतरी लोंबकळतात आणि गुण जातात. हे सगळं मी मनापासून शिकवतो. हात आणि डोळा एकत्र चालायला लागतात ते याच अभ्यासानं.

असं तयार झालेलं मूल मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पहिल्यांदा जातं तेव्हा काय होतं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

आमच्या मुलांना कलेचं संग्रहालय अगदीच नवं असतं असं नाही. अलिबागहून मांडव्याकडे जाताना सासवणे लागतं. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर आहे आणि त्या घरातच त्यांचं शिल्पालय आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा 1928 सालचा अश्वारूढ पुतळा घडवणारे ते हेच करमरकर. सासवण्याला मुलं रमतात. म्हैस म्हैशीसारखी आहे, माणूस माणसासारखा आहे, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा खरी वाटते. तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मुलं आपणहून म्हणतात, "सर, कसली हुबेहूब आहे!"

मग मांडव्याहून लाँच पकडायची. तासाभरात गेटवे. तिथून चालत रीगल सिनेमाच्या चौकात आलं की समोरच ती दगडी इमारत दिसते. 1911 साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून हा सार्वजनिक हॉल उभा राहिला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं, आता छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं, वस्तुसंग्रहालय हीसुद्धा त्यांचीच कामं. या हॉलमध्ये राजकीय सभा झाल्या, मैफिली झाल्या, पुढे उतरत्या काळात लग्नंही लागली. नंतर बारा वर्षं खपून इमारतीचा अंतर्भाग बदलला आणि 1996 मध्ये इथे संग्रहालय सुरू झालं. मुलांना मी आत शिरण्याआधी हे सांगतो, कारण बाहेरून जुनी, भारदस्त दिसणारी ही वास्तू आतून अगदी वेगळी निघते. अर्धगोलाकार जिने एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढत जातात आणि शेवटी आपण घुमटाखाली पोचतो. खालून वर पाहिलं की वरच्या कठड्याशी उभी असलेली माणसं दिसतात. मुलांना हा जिनाच आधी आवडतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पाय रुळले की डोळे रुळतात.

2019 साली इथे चित्रकार प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. बरवे आमच्याच भागातले, नागावचे. जन्म 1936 चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी. त्या नोकरीत साठच्या दशकातली काही वर्षं वाराणसीला काढली, पुढे मुंबईला परतले. 1995 मध्ये ते गेले. चित्रकलेविषयी त्यांनी मराठीत लिहिलंय, आणि फार सुंदर लिहिलंय. नागाव म्हटल्यावर पुष्कळांना समुद्रकिनारा आणि शनिवार-रविवारची गर्दी आठवते. त्याच गावात असा चित्रकार जन्मला हे आमच्या मुलांना माहीत असलं पाहिजे, असं मला फार वाटतं. म्हणून नववीच्या काही मुलांना घेऊन मी गेलो होतो.

पहिल्या दहा मिनिटांत मुलं गप्प झाली. ती शांतता कंटाळ्याची नव्हती, बिचकल्याची होती. भिंतीवर पान होतं, घड्याळ होतं, शंख होता. सगळं ओळखू येत होतं. पण पान घड्याळाएवढं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध दिसेना, आणि भोवती नुसती मोकळी जागा. आमच्यातली एक मुलगी, थळच्या बाजूची, कोळ्याच्या घरातली, बराच वेळ एका चित्रासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "सर, टेबलाची रेघ कुठे आहे?"

श्रोतेहो, हा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो मी विसरू शकत नाही. तिच्यापाशी जे शिक्षण होतं त्यातूनच तो प्रश्न आला होता. टेबल नाही, क्षितिज नाही, मग या वस्तू टेकल्या कशावर? मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "नाहीये खरी. आता रेघ नसताना त्या पडत का नाहीत, ते बघ." ती बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मधली जागा रंगवलीय. ती रिकामी नाही ठेवलेली." मग आणखी पुढे वाकून, पण अंतर राखून, म्हणाली, "सर, हा ऑइलपेंट आहे."

"कशावरून?"

"चमक बघा ना. बाबा होडीला लावतात तोच, डब्यातला. नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही सगळे लावतो. पण हा इतका सरळ कसा बसवलाय? आमचा तर ओघळतो. आणि पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारला की सुरकुत्या पडतात."

तिचं म्हणणं बरोबर होतं. बरव्यांनी आयुष्यभर पुष्कळशी चित्रं एनॅमल रंगात केली, म्हणजे दारं-खिडक्या रंगवायला आपण डब्यातून आणतो तोच रंग. तो झरझर पसरतो, ओघळतो, त्याला आवरणं फार कठीण. त्याच्या कडा अशा नेटक्या राखायच्या, थर सपाट बसवायचे, यासाठी केवढा संयम हवा हे त्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण तिनं स्वतःच्या हातानं ब्रश धरून होडीची फळी रंगवली होती. मग बाकीची मुलं तिच्याभोवती जमली. ती त्यांना कडा दाखवू लागली. कुणीतरी काचपेटीत मांडलेल्या बरव्यांच्या वह्या शोधून काढल्या. त्यांत मराठी अक्षरं होती, बारकी रेखाटनं होती. मुलं काचेला नाक लावून वाचायला लागली.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढ्यावरच उभं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपण मोठी माणसं दारातच विचारतो, "याचा अर्थ काय सांग बरं?" आणि त्या प्रश्नानं त्याची वाट बंद होते. अर्थ म्हणजे आपल्याला न येणारं उत्तर, अशी त्याची शाळेपासूनची समजूत असते. त्याऐवजी "हे कसं केलं असेल?" असं विचारा. या प्रश्नाला प्रत्येक मुलाजवळ काही ना काही उत्तर असतं. सुताराच्या मुलाला लाकडाचं कळतं, शिंप्याच्या मुलीला शिवणीचं, शेतकऱ्याच्या मुलाला मातीचं. आजचे कलावंत स्टीलची भांडी, दोरा, कुंकू, इंजिन ऑइल, जुनं लाकूड असलं काहीही वापरतात. आमच्या मुलांच्या हाताखालून या वस्तू रोज जातात. तेव्हा आजची कला शहरी, शिकलेल्या माणसांसाठीच आहे, हे मला पटत नाही. उलट अनेकदा शहरी पाहुणा भिंतीवरची माहितीची पाटी वाचत उभा असतो आणि आमचं मूल त्या वस्तूकडे बघत असतं.

पण सगळंच इतकं सरळ जात नाही, तेही सांगतो. वासुदेव गायतोंडे यांचं चित्र समोर आलं की हाताला लागणारी ओळखीची वस्तूच उरत नाही. गायतोंडे मूळ गोव्याकडच्या कुटुंबातले, 1924 मध्ये नागपूरला जन्मले, गिरगावातल्या चाळीत वाढले, 1948 साली जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे दिल्लीला राहिले. वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पण ही सगळी माहिती चित्रासमोर उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या काही उपयोगाची नाही. दुसऱ्या एका खेपेला एक मुलगा मला सरळ म्हणाला, "सर, यात काहीच नाहीये."

त्याला मी चित्राच्या बाजूला नेलं, जिथून उजेड तिरपा पडतो. सांगितलं की हा चित्रकार रोलर फिरवायचा, चित्रकलेच्या सुरीनं रंग खरवडायचा, ओल्या रंगावर कागदाचे फाटके तुकडे दाबून उचलून घ्यायचा. एकावर एक थर. आता या चित्रात सगळ्यात आधी कोणता रंग लावला असेल, ते शोध. तो शोधायला लागला. पिवळ्याच्या खाली हिरवट, त्याच्याखाली काळसर काहीतरी. त्याचा नक्की निकाल लागला नाही. पण काहीच नसलेल्या चित्रासमोर तो किती तरी वेळ उभा होता आणि बाकीची मुलं वर निघून गेली तरी त्याला हाक मारावी लागली. चित्र आवडलं का, हे मी त्याला विचारलं नाही. आवडायलाच हवं अशी सक्ती कुणावर असू नये.

एकाच ठिकाणी बघत राहायला शिकवणं, हे खरं तर जुन्या मास्तरांचंच काम. चित्रकार रझा लहानपणी मध्य प्रदेशातल्या खेड्यात शिकत होते. वर्गात त्यांचं लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. तोच बिंदू कित्येक वर्षांनी त्यांच्या चित्रांत अवतरला, हे रझांनी स्वतः सांगितलेलं आहे.

सुधीर पटवर्धनांची चित्रं मात्र मुलांना लगेच धरतात. पटवर्धन व्यवसायानं डॉक्टर, ठाण्याला एक्स-रे तज्ज्ञ म्हणून त्यांनी अनेक वर्षं काम केलं. लोकल गाडी, इराण्याचं हॉटेल, पूल, डोंगराला भिडलेल्या नव्या इमारती, कामावरून परतणारी माणसं. 2019 च्या अखेरीला याच संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा सगळे मजले त्यांच्या चित्रांनी भरले होते. आमच्या मुलांचे काका-मामा ठाण्या-कल्याणला राहतात. त्यांना ती माणसं ओळखीची वाटली. आपला काका चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसलं.

आता तुम्ही मला रेडिओवर ऐकताय, म्हणून ऐकण्याच्या एका कलाकृतीविषयी सांगतो. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची ही कलाकृती मी 2018 च्या कोची बिनालेमध्ये, म्हणजे केरळात भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, अनुभवली. अंधारी खोली. छतावरून शंभर मायक्रोफोन लोंबताहेत. प्रत्येकाच्या खाली एक लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला खुपसलेला एक कागद. कागदावर कवितेच्या ओळी. हे शंभर कवी वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या देशांतले, आणि प्रत्येकाला त्याच्या लेखनामुळे किंवा विचारांमुळे तुरुंगात जावं लागलेलं. मायक्रोफोन खरं तर आपला आवाज घेतो. इथे तोच बोलतो. एक आवाज एखादी ओळ म्हणतो आणि मग बाकीचे सगळे ती उचलून धरतात. कोणत्या भाषेत म्हणताहेत ते दर वेळी कळत नाही. पण त्या सळयांच्या मधून चालताना आपण पाऊल जपून टाकायला लागतो. मी शाळेत येऊन मुलांना हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "मग सर, ते चित्र की भाषण?" मी म्हटलं, तूच ठरव. वर्गात त्यावरून तास संपेपर्यंत वाद झाला. तो तास माझ्या आवडत्या तासांपैकी एक.

शिक्षक मित्रांना एक कळकळीची विनंती आहे. सहलीला नेताना मुलांच्या हातात माहिती उतरवून घ्यायच्या वह्या देऊ नका. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, साल, असं लिहिता लिहिता त्यांचं बघणं राहून जातं. सगळे मजले झालेच पाहिजेत हा आग्रहही सोडा. प्रत्येकानं एकच चित्र निवडावं, त्याच्यापुढे थांबावं, हवं तर जमिनीवर बसावं, आणि घरी गेल्यावर ते आठवणीनं काढून बघावं. स्मरणचित्राचा पेपर असतोच की आपल्याकडे! तो असा सोडवून बघा. कुठे काय होतं हे आठवताना मुलाला कळतं की आपण किती पाहिलं होतं. आणि पालकहो, "असलं तर माझा बारका पण काढील," हे वाक्य मुलासमोर म्हणू नका. बारक्यानं काढलं तर उत्तमच, पण शेजारी उभा असलेला थोरला ते ऐकतो आणि बघायचा थांबतो.

जायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. संग्रहालय सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या लाँचा बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे. आत पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, कशालाही हात लावायचा नाही, हे मुलांना लाँचमध्येच सांगून ठेवा म्हणजे दारात रागावावं लागत नाही. समोरचं मोठं वस्तुसंग्रहालय आणि शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी त्याच दिवशी उरकायचा मोह होईल. जहांगीरमध्ये जरूर डोकवा, कारण तिथे कधी कधी स्वतः चित्रकारच चित्रांजवळ बसलेला भेटतो आणि मुलं त्याला थेट विचारू शकतात. मोठं वस्तुसंग्रहालय पुढच्या खेपेला ठेवा. शाळेची सहल निघत नसेल तर दोन-तीन पालकांनी मिळून आपापली मुलं न्यावीत. जाताना सासवण्याला थोडं थांबलात तर करमरकरांचं शिल्पालयही होईल, मात्र मग पहाटेच निघायला हवं.

नमस्कार.