क्रेन धड होत्या

मंडळी, २७ जून २०१७ ला आपल्या न्हावा-शेव्यात, जेएनपीटीच्या गेटवे टर्मिनल्समध्ये काम ठप्प झालं. क्रेन धड होत्या, कंटेनर यार्डात जागच्या जागी होते. पण कुठला कंटेनर कुठे आहे आणि कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे ज्या संगणकांना ठाऊक, तेच बंद पडले होते. टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. मर्स्कमध्ये कीड, म्हणजे संगणकातून संगणकात आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, शिरली ती युक्रेनमधून, एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथे कराची विवरणपत्रं भरायला बहुतेक कंपन्या हेच वापरत. हल्लेखोरांनी अपडेटमध्येच विष कालवलं. रोख युक्रेनवर होता. न्हावा-शेवा त्यांच्या खिजगणतीतही नसणार.

मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. नेटवर्कवर कोणाला काय परवानगी, याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभरात एकदमच गेले. वाचला फक्त घानातला, कारण तिथे नेमकी तेव्हा लाइट गेली होती. आपण लोडशेडिंगला उगाच नावं ठेवतो!

आता दोष कोणाचा, इंटरनेटचा? तार नसती तर कीड आली नसती, खरं आहे. पण एवढी पसरली ती सगळीकडे एकच विंडोज, एकाच साच्यात बसवलेलं होतं म्हणून. सगळ्या शिवारात एकच वाण असेल तर रोग बांध बघत नाही. संगणक सुरक्षेतले तज्ज्ञ डॅन गीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं. लगेच गीअर यांची नोकरी गेली. त्यांच्या कंपनीचं मायक्रोसॉफ्ट गिऱ्हाईक होतं.

कारखान्यात हे एकच वाण कसं आलं ते बघा. मॉडबस, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा ठरलेला नियम, १९७९ चा. मॉडिकॉन या कंपनीने तो काढला आणि सगळ्यांना वापरू दिला. आजही मॉडबसवालं कुठल्याही कंपनीचं एनर्जी मीटर घ्या, मागे दोन तारा जोडा, पत्ता आणि बॉड रेट (बोलण्याचा वेग) जुळवा, पीएलसीशी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाशी, बोलायला लागतं. त्याला ना पासवर्ड, ना ओळख तपासणं, त्यामुळे तो इंटरनेटवर उघडा टाकू नये. पण तो कुणाच्या मुठीत नाही. १९९६ ला ओपीसी आलं, पीएलसी आणि कंट्रोल रूममधले संगणक जोडायची सामायिक पद्धत. हेतू चांगला होता, प्रत्येक पीएलसीसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे जोडणीचा प्रोग्राम, लिहायला नको. पाया मात्र मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचा, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये विंडोज पक्कं बसलं. ओपीसी यूए या पुढच्या आवृत्तीने ही गाठ सोडवली, पण तोवर दहाएक वर्षं गेली होती.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट थांबवला. कितीतरी ठिकाणी स्काडा, म्हणजे पडद्यावरून मशीनवर लक्ष ठेवायचा प्रोग्राम, एक्सपीवरच होता. हलवायचा म्हटलं की लायसन्स नवं, ड्रायव्हर नवे, कधी कधी पीएलसीसुद्धा नवा. मशीन पंचवीस वर्षं चालतं हो, पण ते कधी जुनं झालं हे दुसराच ठरवतो. मला किमतीपेक्षा हे जास्त खुपतं.

आता तर मशीनच्या पॅनेलमध्ये सिमकार्डवाला राउटर बसवूनच येतो. इंजिनिअर जर्मनीत बसून फॉल्ट काढतो, ब्रेकडाऊन वाचतो. सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाची कीड शिरली ती कंत्राटदाराच्या लाइनवरूनच. फायरवॉल होती, लाइन तिला वळसा घालून आली होती. सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद होती. भट्टी तेव्हा बंद होती म्हणून निभावलं.

तेव्हा मशीन घेताना पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहून घ्या: कॉमेंटसकट पीएलसीचा सोर्स प्रोग्राम, पासवर्ड, आणि राउटरला किल्लीचा स्विच. किल्ली मेंटेनन्सवाल्याच्या खिशात, काम झालं की राउटर बंद. वॉरंटी जाईल, असं विकणारा म्हणेल. भाव ठरायच्या आधी हा विषय काढलात तर तो फार ताणत नाही. मशीन फाउंडेशनवर बसल्यावर काढलात तर मग त्याची मर्जी. शेवटचा हप्ता प्रोग्राम हातात पडल्यावरच द्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्या प्रोग्रामचा बॅकअप पीएलसीत परत चढवून मशीन एक सायकल चालवून बघा.