लान्सिंगची रिओ : मोटारीच्या दिमाखामागे झाकलेला ट्रक

[दृश्य: जुनं रेखाचित्र. चार चाकांची उघडी बग्गी, मागे बॉयलर.]

साल १८९३. लंडनच्या फ्रान्सिस टाइम्स कंपनीनं आपल्या मुंबईच्या शाखेसाठी थेट अमेरिकेतून एक गाडी विकत घेतली. गाडी वाफेवर चालणारी, किंमत चारशे डॉलर. अमेरिकेबाहेर विकली गेलेली पहिली अमेरिकन मोटारगाडी म्हणून आज तिचा उल्लेख होतो. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्राम धावत होत्या.

ही गाडी बनवली होती मिशिगन राज्यातल्या लान्सिंग गावच्या एका तिशीच्या आतल्या तरुणानं, रॅन्सम एली ओल्ड्स यानं. वडील प्लायनी ओल्ड्स यांचं गावात इंजिनं बनवण्याचं वर्कशॉप होतं आणि पोरगा तिथंच लोखंड घासत मोठा झाला. घोड्यांची निगा राखणं, तबेल्याचा वास, या सगळ्याचा त्याला मनापासून कंटाळा. १८९२ मध्ये एका विज्ञानविषयक नियतकालिकात त्याच्या गाडीवर लेख आला, तेव्हा त्यानं तिचे गुण सांगितले ते असे: ही लाथा मारत नाही, चावत नाही, लांबच्या पल्ल्यावर दमत नाही, उन्हाळ्यात घामाघूम होत नाही, आणि खाते ती फक्त रस्त्यावर असताना.

[दृश्य: डेट्रॉइट, १९०१. जळून गेलेल्या कारखान्याचा फोटो.]

पुढं वाफ मागे पडली आणि पेट्रोल आलं. १८९७ मध्ये ओल्ड्सनं लान्सिंगच्या पैसेवाल्या मंडळींच्या मदतीनं मोटार कंपनी काढली. दोन वर्षांत सॅम्युअल स्मिथ या मोठ्या भांडवलदाराचा पैसा आला आणि डेट्रॉइटमध्ये ओल्ड्स मोटर वर्क्स उभी राहिली. ९ मार्च १९०१ ला तो कारखाना जळाला. आगीतून एकच छोटी गाडी बाहेर काढता आली आणि तिच्यामुळं कंपनी तरली, ही गोष्ट पुढं फार रंगवून सांगितली गेली. खरं तर त्या छोट्या गाडीवर भर द्यायचं आगीच्या आधीच ठरत आलं होतं.

ती गाडी म्हणजे कर्व्ह्ड डॅश. पायापुढची फळी घसरगाडीसारखी वर वळलेली, एकच सिलिंडर, आणि स्टिअरिंगला चाक नाही, नुसता एक दांडा. किंमत साडेसहाशे डॉलर. ओल्ड्सनं हिचं गिअरबॉक्सचं काम डॉज बंधूंना दिलं, इंजिनं हेन्री लीलंडच्या कारखान्यातून घेतली. एकेक गाडी हातानं घडवण्यापेक्षा ठरावीक सुटे भाग मोठ्या संख्येनं मागवायचे आणि एका ओळीत जुळवत न्यायचे, ही त्याची पद्धत. १९०१ मध्ये चारशेच्या वर गाड्या झाल्या, १९०४ मध्ये पाच हजारांच्या पुढे. फोर्डचं मॉडेल टी यायला अजून चार वर्षं होती. मोठ्या संख्येनं मोटारी बनवण्याचं श्रेय आपण सरसकट फोर्डला देऊन टाकतो. ओल्ड्सच्या वाट्याचं श्रेय त्याला मिळालं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

पण पैसा स्मिथांचा होता. सॅम्युअलचा मुलगा फ्रेड याला मोठ्या, महागड्या गाड्या हव्या होत्या. ओल्ड्सचं म्हणणं, लोकांना परवडणारी हलकी गाडी सोडू नका. फ्रेडनं ओल्ड्सला न सांगता प्रयोगांसाठी वेगळं वर्कशॉप उघडलं, तेव्हा भांडण विकोपाला गेलं. १९०४ च्या सुरुवातीला ओल्ड्स स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला.

[दृश्य: लान्सिंग. नव्या कारखान्याची इमारत, पाटीवर तीन अक्षरं.]

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लान्सिंगच्या मित्रांनी त्याच्यासाठी नवी कंपनी उभी केली. भांडवल पाच लाख डॉलर, आणि त्यातले ५२ टक्के शेअर ओल्ड्सकडे. या वेळी कुणी बाहेर काढू नये याची सोय आधीच केलेली. कंपनीचं नाव ठेवलं आर. ई. ओल्ड्स कंपनी. जुन्या कंपनीनं लगेच कोर्टाची धमकी दिली की ओल्ड्स हे नाव आमचं आहे. मग त्यानं आपल्या नावाची तीन आद्याक्षरं घेतली, आर, ई, ओ, आणि कंपनीचं नाव झालं रिओ मोटर कार कंपनी.

ऑक्टोबरपर्यंत नमुन्याची गाडी रस्त्यावर धावत होती. जानेवारी १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात ती मांडलीसुद्धा. मोठी दोन सिलिंडरची, १६ अश्वशक्तीची, साडेबाराशे डॉलरची. धाकटी एका सिलिंडरची, साडेसहाशेची. त्याच वर्षी पर्सी मेगार्गेल आणि डेव्हिड फॅसेट हे दोघे एक रिओ घेऊन न्यूयॉर्कहून निघाले, सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि परतही आले. मोटारीनं अमेरिका आडवी पार करून परत येण्याची ही पहिलीच वेळ. चिखल, बर्फ, पुलाशिवायच्या नद्या, सगळं त्या दोन सिलिंडरवर निभावलं. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट लान्सिंगच्या कृषी महाविद्यालयाच्या समारंभाला आले, तेव्हा ओल्ड्स त्यांना रिओमध्ये बसवून घेऊन गेला. त्या वर्षी कंपनीची विक्री पंचेचाळीस लाख डॉलरच्या घरात होती, आणि देशातल्या चार सर्वांत श्रीमंत मोटार कंपन्यांत रिओची गणना होत होती.

इथं एक वळण आलं. १९०८ मध्ये ब्युइकचे विल्यम ड्युरंट चार कंपन्या एकत्र करायला निघाले होते: ब्युइक, मॅक्सवेल-ब्रिस्को, फोर्ड आणि रिओ. बोलणी बरीच पुढं गेली. मग हेन्री फोर्ड म्हणाला, मला शेअर नकोत, तीस लाख डॉलर रोख पाहिजेत. फोर्डला रोख, तर मलाही रोखच, असं ओल्ड्स म्हणाला. सौदा तिथंच मोडला. ड्युरंटनं सप्टेंबरात जनरल मोटर्स स्थापन केली आणि वर्ष संपायच्या आत ओल्ड्सची जुनी कंपनी, म्हणजे ओल्ड्समोबिल, तिच्यात घेतली. ओल्ड्सचं नाव जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेलं. ते नाव ज्याचं, तो माणूस बाहेरच राहिला.

पुढच्या वर्षांत फोर्ड आणि जनरल मोटर्स इतक्या झपाट्यानं वाढल्या की रिओचा हिस्सा कमी कमी होत गेला. १९१२ मध्ये ‘रिओ द फिफ्थ’ नावाची गाडी आली. जाहिरातीत ओल्ड्सच्या तोंडी वाक्य होतं की ही माझी निरोपाची गाडी. त्याच गाडीतून थॉमस विल्बी आणि जॅक हॅनी यांनी हॅलिफॅक्सपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत कॅनडा पार केला, ५२ दिवसांत. हॅनी हा रिओच्या कॅनडातल्या कारखान्याचा मेकॅनिक. चालवायचा तो, दुरुस्त करायचा तो, आणि गाडी रुतली की उपसून काढायचाही तोच.

ओल्ड्सचं मन मात्र कारखान्यातून उडत चाललं होतं. फ्लोरिडात त्यानं साडेसदतीस हजार एकर जमीन घेऊन ओल्ड्समार नावाचं गाव वसवायला घेतलं. इंजिनवर चालणारं गवत कापायचं मशीन केलं. १९१५ मध्ये रिओचा कारभार रिचर्ड स्कॉटच्या हाती सोपवला आणि स्वतः अध्यक्षपदावर राहिला.

[दृश्य: १९२० च्या दशकातला एक हलका ट्रक, बेकरीच्या पावाच्या क्रेट उतरवताना.]

आणि त्याच १९१५ मध्ये रिओनं ती गाडी आणली, जिच्यासाठी ही चित्रफीत करावीशी वाटली. तिचं नाव स्पीड वॅगन.

त्या काळचा ट्रक कसा होता ते जरा डोळ्यांसमोर आणा. भरीव रबरी टायर, सायकलसारखी साखळी मागच्या चाकांना, चाल बैलगाडीपेक्षा थोडी बरी. दगडी रस्त्यावर गेला की मालाबरोबर ड्रायव्हरचीही हाडं खिळखिळी. इंजिन चालू करायचं तर पुढं उभं राहून हँडल मारायचं, आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडायचं. स्पीड वॅगनला हवेचे टायर होते, साखळीऐवजी शाफ्ट, विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर. भार जेमतेम पाऊण टनाचा. म्हणजे अवजड माल ओढायला नाही, पण सकाळचं दूध, पाव, बर्फ, कपडे, फर्निचर वेळेत घरोघर पोचवायला. आपल्याकडं बाजारपेठेच्या गल्लीत शिरणारा टेम्पो जे काम करतो, अगदी तेच.

एकाच चॅसिसवर लोक हवी ती बॉडी चढवायचे. अग्निशामक गाडी, रुग्णवाहिका, प्रेतवाहिका, बंद पडलेल्या गाड्या ओढणारी गाडी, छोटी बस. गावोगावच्या नगरपालिकांनी ती घेतली. आजच्या पिकअप ट्रकचे जे पूर्वज म्हणून सांगितले जातात, त्यांत स्पीड वॅगनचं नाव असतंच.

लान्सिंगमध्ये रिओ म्हणजे नुसती नोकरी नव्हती. १९१७ मध्ये कंपनीनं कामगारांसाठी मोठं क्लबहाउस बांधलं. सिनेमा, नाच, खेळ, बँड, आणि पुढं स्वतःचं रेडिओ केंद्रसुद्धा. एकाच घरातले बाप, मुलगा, काका तिथं कामाला असायचे, आणि व्यवस्थापन कामगारांना ‘रिओ कुटुंब’ म्हणायचं. यात आपुलकी होती, आणि युनियन लांब ठेवायचा हिशेबही होता. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या.

[दृश्य: रिओ रॉयल, १९३१. कॅमेरा पुढच्या निमुळत्या जाळीवरून मागे सरकतो.]

ट्रक कमाई करत होता, पण कंपनीचा जीव मोटारीत अडकलेला. १९२७ ची फ्लाइंग क्लाउड खरोखर चांगली गाडी होती, आणि लॉकहीडचे, चाकाच्या आतल्या बाजूनं फाकणारे आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक तिनं पहिल्यांदा बाजारात आणले. १९२८ हे रिओचं सर्वांत भरभराटीचं वर्ष. तिथून स्कॉटनं ठरवलं की आता श्रीमंतांच्या दारात जायचं. गाडीचा आकार एमॉस नॉर्थप या डिझायनरनं काढला, आणि १९३१ ची रॉयल आली. आठ सिलिंडर एका रांगेत, १२५ अश्वशक्ती, कोपरे गोलावलेले, पुढचा भाग मागे झुकलेला. रेडिएटरच्या झडपा उष्णतेप्रमाणे आपोआप उघडायच्या आणि मिटायच्या. किंमत अडीच हजार डॉलरच्या आसपास.

गाडी देखणी होती, आजही नजर हलत नाही. पण १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला होता. माणसं भाकरीसाठी रांगेत उभी होती, आणि रिओ त्यांच्यासमोर राजेशाही गाडी ठेवत होती. ज्या महागड्या गाड्यांच्या हट्टापायी ओल्ड्स तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कंपनीबाहेर पडला होता, तोच हट्ट त्याच्या दुसऱ्या कंपनीनं धरला. सत्तरीला टेकलेला ओल्ड्स कारभारात परत आला, पण १९३४ मध्ये पुन्हा सोडून गेला. १९३६ मध्ये रिओनं मोटारी बनवणं कायमचं बंद केलं. पुढच्या मार्चमध्ये कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडलं. जवळजवळ महिनाभर ते आत होते. ‘कुटुंबा’ची भाषा तिथं संपली आणि युनियनला मान्यता मिळाली.

पुढं कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तिला बाहेर काढलं ते ट्रकनं आणि युद्धानं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं काम मिळालं. युद्धानंतर रिओनं अडीच टनी, सहाही चाकांना ताकद मिळणारा लष्करी ट्रक तयार केला: एम-३५. त्याचं उत्पादन १९५० च्या सुमाराला सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी रॅन्सम ओल्ड्स लान्सिंगमध्ये वारला. एम-३५ व्हिएतनामच्या चिखलात चालला आणि पुढं इतर कंपन्यांनीही तो कित्येक दशकं बनवला.

कंपनीचं पुढं जे झालं ते एखाद्या वकिलालाच आवडेल असं आहे. १९५४ मध्ये ट्रकचा कारखाना बोन ॲल्युमिनियम या कंपनीनं विकत घेतला, आणि १९५७ मध्ये तो व्हाइट मोटर या ट्रक कंपनीकडे गेला. मागे उरला कंपनीचा कागदी सांगाडा आणि तोट्यामुळं मिळू शकणाऱ्या करसवलतीचा हिशेब. काही भागधारकांनी लढा देऊन त्या सांगाड्यात न्यूक्लिअर कन्सल्टंट्स नावाची छोटी कंपनी आणली. ती हळूहळू पोलादाच्या धंद्यात शिरली आणि नाव बदलून न्यूकोर झाली. आज न्यूकोर ही अमेरिकेतली सर्वांत मोठी पोलाद उत्पादक कंपनी आहे. कायद्याच्या हिशेबानं तिची मुळं रॅन्सम ओल्ड्सच्या कंपनीत आहेत.

ट्रकच्या धंद्याचं नशीब इतकं मोठं नव्हतं. १९६७ मध्ये व्हाइटनं रिओ आणि डायमंड टी हे आपले दोन ट्रक विभाग एक करून डायमंड रिओ हे नाव दिलं. १९७५ मध्ये डायमंड रिओचं दिवाळं निघालं. लान्सिंगच्या कारखान्याला १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि दोनेक वर्षांत त्या इमारती पाडूनही झाल्या.

[दृश्य: रंगमंचावर गिटार, प्रकाशझोत, हजारोंची गर्दी.]

त्याच १९६७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातला नील डॉटी हा विद्यार्थी वाहतुकीच्या इतिहासाच्या वर्गात बसला होता. फळ्यावर लिहिलेलं एका जुन्या ट्रकचं नाव त्याला आवडलं, आणि मित्रांबरोबर काढलेल्या रॉक बँडला त्यानं तेच दिलं: रिओ स्पीडवॅगन. १९८१ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. रॉयलचं नाव आज जुन्या गाड्यांच्या हौशी संग्राहकांनाच माहीत आहे. पाव आणि दूध वाहणाऱ्या त्या पाऊणटनी गाडीचं नाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी आहे.