सी-4 वरचा हत्ती

बुद्धिबळाच्या डावाच्या या स्कोअरशीटवर 58 चाली नीट लिहिल्या आहेत. त्यापुढं कागद कोरा. वेळ पाच मिनिटांच्या आत आला आणि घड्याळात दर चालीला 30 सेकंद वाढत नसतील, तर चाली लिहायचं बंधन राहत नाही. डाव जिथं निसटला, नेमकी तिथलीच नोंद नाही.

सांगलीतला एक छोटा बुद्धिबळ क्लब. रविवारची स्पर्धा आटोपली, खुर्च्या एकात एक लागायला लागल्या. या एका टेबलावरून मात्र कुणी उठलेलं नाही. पांढऱ्या मोहऱ्यांमागं अकरावीतली मुलगी, काळ्यांमागं निवृत्त पोस्टमास्तर, क्लबातल्या सगळ्यांचे काका. बरोबरीचे हात मिळवून झालेत. दोघांचेही फोन पालथे पडलेत, आणि ते तसेच राहावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. कुठली चाल चुकली ते फोनमधलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्राम, क्षणात सांगतं. ती चाल खेळताना मनात काय होतं, ते समोरच्यालाच विचारावं लागतं.

पट मागं नेला आहे. मुलीकडं एक हत्ती आणि सी-5 वर, म्हणजे सी या उभ्या पट्टीतल्या पाचव्या घरात, प्यादं. काकांकडं नुसता हत्ती, पण राजा प्याद्याच्या वाटेत उभा. फ्रान्सच्या फिलिदोरनं 1777 मध्येच दाखवलेला बचाव इथं लागू होता. काळ्या हत्तीनं सहावी रांग धरून बसायचं, म्हणजे पांढरा राजा वर चढू शकत नाही. प्यादं सहाव्या घरात आलं की हत्ती थेट खाली न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. काकांनी रांग आधीच सोडली.

“भीती वाटली गं. हत्ती नुसता उभा ठेवायचा, हे मनाला पटेना.”

इथून आता आठवणीवर. ती एक चाल लावते, काका मान हलवतात, घोटाळा होतो, पुन्हा मागं. अखेर दोघांचं एकमत होतं. पांढरा राजा सी-8 वर, प्यादं सी-7 वर, म्हणजे वजीर एका घरावर. हत्ती डी-1 वर. काळा राजा ई-7 वर, हत्ती बी-2 वर.

बुद्धिबळात हिला लुसेनाची स्थिती म्हणतात. खरं तर लुसेनाच्या 1497 च्या पुस्तकात ती नाही. ती सापडते इटलीच्या साल्व्हिओनं 1634 मध्ये छापलेल्या पुस्तकात.

तिनं ई-1 वरून शह दिला, काकांचा राजा एफ-7 वर गेला. इथवर अगदी बरोबर. मग तिचा राजा घाईनं डी-7 वर उतरला. मागून शह, सी-6 वर गेला तर पुन्हा शह. राजा पळतोय, शह संपत नाहीत, घड्याळात सेकंद उरलेत. काकांनी बरोबरी विचारली, तिनं हात पुढं केला. खरं म्हणजे त्या क्षणीही राजा सी-8 वर परत नेला असता, तर डाव जिंकलेलाच होता.

अर्धा गुण गेला, त्याबरोबर बक्षीसही.

आता तिची बोटं पाहा. शहानंतर राजाला हात न लावता ती हत्ती उचलते, ई-4 वर ठेवते. थांबते.

“काका, आधी हा इथं आणला असता तर?”

काका उत्तर देत नाहीत, आपला हत्ती बी-1 वर नेतात. राजा डी-7, शह. सी-6, शह. डी-6, शह. राजा सी-5 वर उतरतो, काका सी-1 वरून शेवटचा शह देतात, आणि ई-4 वरचा तो हत्ती एकच सरळ चाल करून सी-4 वर मध्ये येतो. शह बंद. प्यादं वजीर होणार. याला पूल बांधणं म्हणतात.

असं अव्वल खेळाडूंचंही होतं. 2018 च्या जागतिक अजिंक्यपद लढतीत, लंडनला, पहिल्याच डावात तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनला काळ्या मोहऱ्यांनी विजयाची संधी होती. ती हुकली, डाव 115 चाली आणि सुमारे सात तास चालला, आणि बरोबरीतच सुटला.

दिवे मालवायला माणूस आलाय. काका त्याला हातानंच दोन मिनिटं थांबवतात. मुलगी मोहरे पुन्हा त्याच घरांवर मांडते आणि पट गर्रकन फिरवते.

“आता पांढरे तुम्ही घ्या. मी शह देते.”